किलकेनी एका दिवसात: दोघांसाठी पायी फेरी

डब्लिनहून आयर्लंडमधल्याच किलकेनी या गावाला येणारे बहुतेक जण एक चूक हमखास करतात. स्टेशनातून निघतात, पूल गाठतात, समोर किल्ला दिसतो आणि थेट आत शिरतात. किल्ला आणि त्यामागचं मैदान यातच निम्मा दिवस जातो. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गोल मनोऱ्यापाशी पोचेपर्यंत पाऊस लागलेला असतो किंवा वारा सुटलेला असतो, आणि अशा हवेत मनोरा बंद ठेवतात. किल्ला कुठे जात नाही, पाऊस आला तरी आतून आरामात बघता येतो. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. सकाळी हवा उघडी आहे तोवर मनोरा, दुपारी गल्ल्या, शेवटी किल्ला आणि मैदान. एवढं जमलं की बाकीचा दिवस आपोआप बसतो, कारण सगळं गाव एका रस्त्याच्या आजूबाजूला आहे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

दिवस कोणता निवडायचा

मंगळवार ते गुरुवार सगळ्यात बरं. शनिवारी किलकेनीत लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके उतरतात. एकसारखे टी-शर्ट घातलेल्या मैत्रिणी दुपारपासूनच पबमध्ये असतात. गंमत म्हणून ठीक, पण दोघांना निवांत फिरायचं असेल तर त्रासच. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, त्यामुळे मनोऱ्याशेजारचं कॅथीड्रल पाहुण्यांसाठी दुपारनंतर उघडतं आणि आपला क्रम मोडतो. सोमवारी आणि हिवाळ्यात छोटी संग्रहालयं बंद असू शकतात किंवा लवकर मिटतात, तेव्हा वेळा आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

ऋतूचा फरक आपल्याकडच्यापेक्षा फार मोठा आहे. जूनच्या अखेरीस रात्री दहानंतरही उजेड असतो, डिसेंबरात सव्वाचारलाच अंधार. हिवाळ्यात या लेखातलं निम्मंच होईल, आणि त्यात मनोरा व किल्ला हे दोनच धरा. छत्री आणू नका. इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि छत्री पहिल्याच कोपऱ्यावर उलटते. टोपीचं रेनजॅकेट हवं, आणि तळाला पकड असलेले बूट. बुटांचं कारण पुढे येईल.

पोचायचं कसं

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गाडी साधारण दीड तासात किलकेनीला आणते. शहराच्या मध्यातून ह्यूस्टनला जायला लुआस ट्रामची लाल लाइन धरायची. फलाटाच्या बोर्डावर मात्र किलकेनी शोधत बसू नका. बोर्डावर शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं, वॉटरफर्ड. तीच आपली गाडी. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं आणि जागाही राखून मिळते. आसनाच्या वर छोट्या पट्टीवर नाव झळकतं, ते बघूनच बसा.

किलकेनीच्या स्टेशनात रूळ संपतात. वॉटरफर्डला जाणारी गाडी इथून उलट्या तोंडाने बाहेर पडते. त्यामुळे परतताना गाडी आली त्याच दिशेला निघाली तर दचकू नका, बरोबर बसला आहात.

मोटारीने यायचं तर एम-9 महामार्ग आहे, आणि गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. फसगत होते ती डब्लिनभोवतीच्या एम-50 वळणरस्त्यावर. विमानतळावरून येताना तिथे टोल लागतो, पण नाका नाही, माणूस नाही, काहीच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत स्वतःहून ऑनलाइन भरायचे असतात. भाड्याची गाडी असेल तर हे पैसे कोण भरणार, ते गाडी घेतानाच विचारा. नाहीतर टोलपेक्षा दंड मोठा होतो.

व्हिसाबद्दल दोन वाक्यं, कारण लंडन-बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळींचा इथे नेहमी घोटाळा होतो. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मोकळेपणाने ये-जा करायची सवलत त्या दोन देशांच्या नागरिकांना आहे, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना नाही. काही ठरावीक ब्रिटिश व्हिसांवर आयर्लंडला येता येतं, पण आपला व्हिसा त्यात बसतो का, हे आयरिश इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

पूल, मग मनोरा

स्टेशनातून जॉन स्ट्रीटने उतारावर दहा मिनिटांत नोर नदीवरचा जॉन्स ब्रिज लागतो. इथे पाच मिनिटं थांबा. किल्ल्याची नदीकडची बाजू ईशान्येला तोंड करून आहे, तेव्हा तिच्यावर ऊन पडतं ते सकाळीच. दुपारनंतर तीच भिंत सावलीत जाते आणि फोटो काळपट येतो. दोघांचा फोटो पुलाच्या कठड्याशी उभं राहून घ्या, किल्ला मागे डावीकडे किंवा उजवीकडे ठेवून. मधोमध घेतला तर बुरूज डोक्यातून उगवल्यासारखे दिसतात.

मग रोझ इन स्ट्रीटने वर, उजवीकडे हाय स्ट्रीट, पुढे तोच रस्ता पार्लमेंट स्ट्रीट होतो. दुकानं बघायचा मोह टाळा, येताना इथूनच यायचं आहे. पार्लमेंट स्ट्रीट संपतो तिथे ब्रेगा नावाची ओढ्याएवढी नदी रस्त्याखालून जाते. तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण शेकडो वर्षं ही हद्द होती. अलीकडे इंग्रजांचं गाव, पलीकडे आयरिशटाउन, कारभार वेगळे. 1366 साली याच किलकेनीत कायदे झाले की इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिश माणसाशी लग्न करायचं नाही, आयरिश भाषा बोलायची नाही. कायदे फारसे कोणी पाळले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आयरिशटाउनमधून 1614 सालच्या दगडी पायऱ्या चढल्या की सेंट कॅनिस कॅथीड्रल. गावाचं नावच यावरून पडलं, किलकेनी म्हणजे कॅनिसचं चर्च. तिकीट घेताना चर्च आणि मनोरा असं एकत्र मागा, वेगवेगळं घेतल्यास महाग पडतं. आणि आधी मनोरा करा. चर्च नंतर, मग बाहेर पाऊस पडेना का.

मनोरा सुमारे 30 मीटर उंच आहे आणि चर्चपेक्षा पुष्कळ जुना, नवव्या शतकाच्या आसपासचा. असे गोल मनोरे आयर्लंडभर दिसतात, पण वरपर्यंत चढू देतात असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. जवळचा दुसरा किल्डेअरचा. आत जिना नाही. लाकडी मजले आहेत आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर उभी शिडी. वर जावं तसा मनोरा निमुळता होतो, आणि शेवटच्या टप्प्यात खांदे भिंतीला लागतात.

चढायची रीत अशी. पाठपिशवी खाली तिकिटाच्या खिडकीशी ठेवता येते का विचारा, नाहीतर एकाने खाली थांबून पाळी लावा. पिशवी घेऊन चढायचा प्रयत्न केला तर ती वरच्या भोकात अडकते. फोन चेन असलेल्या खिशात. गळ्यात कॅमेरा नको, तो प्रत्येक पायरीवर आपटतो. लांब ड्रेस किंवा ओढणी असेल तर आवरून बांधा. दोघांपैकी ज्याला उंचीची भीती आहे त्याने पुढे जावं, मागच्याने एक पूर्ण शिडी रिकामी सोडून यावं. एकाच शिडीवर दोघं चढू नका. वरून कोणी उतरत असेल तर मजल्यावर थांबून त्याला येऊ द्या, शिडीवर बाजूला व्हायला जागाच नाही. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ बाहेर. बरेच जण घरातल्या जिन्यासारखं समोर बघून उतरायला जातात आणि मधेच अडकतात. गुडघेदुखी असेल किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर सोडून द्या, यात कमीपणा काही नाही.

वर गेल्यावर मोजकीच माणसं मावतात. तिथून अख्खं गाव नकाशासारखं पसरलेलं दिसतं. पायाशी छपरं, मधून कण्यासारखा जाणारा रस्ता, आणि त्याच्या टोकाला किल्ल्याचे बुरूज. उरलेला दिवस कुठून कुठे जायचं, ते इथेच बोटाने ठरवून टाका.

दगडात झोपलेलं जोडपं

चर्चमध्ये लोक वर खिडक्या बघत फिरतात. इथे मात्र खाली बघा. पियर्स बटलर आणि त्याची बायको मार्गारेट फिट्झजेराल्ड यांची समाधी शोधा. तो ऑर्मंडचा अर्ल, म्हणजे सरदार, 1539 साली गेला. काळ्या दगडात दोघं शेजारी शेजारी उताणी झोपलेली कोरली आहेत. त्याच्या अंगात चिलखत, तिच्या अंगावर चुण्यांचा पायघोळ झगा आणि डोक्यावर तेव्हाच्या पद्धतीचा शिंगं काढल्यासारखा शिरपेच. वाकून चुण्या बघा. एकेक घडी मोजता येते, जणू आत्ताच नेसवली आहे.

या काळ्या दगडावरूनच गावाचं दुसरं नाव पडलं, मार्बल सिटी, म्हणजे संगमरवराचं शहर. खरं तर हा दगड संगमरवर नाही. आपल्या सह्याद्रीच्या कातळासारखा दिसला तरी बेसाल्टही नाही. तो चुनखडक आहे, आणि घासून चकाकी आणली की त्यात शंखशिंपल्यांसारख्या जिवांचे पांढरे ठसे उमटतात. ओला झाला की काळाभोर होतो आणि बुळबुळीतही. गावात पायऱ्या आणि जुन्या गल्ल्यांत हाच दगड झिजून गुळगुळीत झाला आहे. बुटांचं कारण हे.

इथून निघण्यापूर्वी एक भानगड ऐकून ठेवा, कारण दुपारी तिचा धागा पुन्हा भेटतो. ॲलिस कायटेलर नावाची श्रीमंत सावकारीण इथे राहायची. एकामागून एक चार नवरे केले. 1324 साली बिशप रिचर्ड लेड्रेडने तिच्यावर चेटकिणीचा आरोप ठेवला. ती निसटली. तिची दासी पेट्रोनिला मात्र सापडली आणि 3 नोव्हेंबर 1324 रोजी तिला जिवंत जाळलं. ॲलिसचा मुलगा विल्यम आउटलॉ याला शिक्षा म्हणून याच चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे घालायला लावले. 1332 मध्ये चर्चचा मधला मनोरा कोसळला. पत्र्यांच्या वजनानेच कोसळला, असं गावात सांगतात.

मनोरा आणि चर्च मिळून दीड तास धरा.

दुपारची गल्ली-फेरी

कॅथीड्रलवरून पाच मिनिटांत ब्लॅक ॲबी हे मठाचं चर्च. 1225 साली डॉमिनिकन साधूंनी बांधलेलं, आणि आजही चालू असलेलं. पांढऱ्या कपड्यांवर ते काळा झगा घालत, म्हणून हे नाव. प्रवेश फुकट, दाराशी पेटी आहे. दक्षिणेच्या भिंतीत 1892 सालची प्रचंड रंगीत काचेची खिडकी आहे, आणि दक्षिणेची असल्याने ऊन तिच्यातून येतं ते भर दुपारी. बारा ते दोनमध्ये पोचलात आणि ढग बाजूला झाले तर निळे-तांबडे कवडसे थेट फरशीवर उतरतात. ढगांची वाट बघत दहा मिनिटं बाकावर बसायला हरकत नाही. मास, म्हणजे प्रार्थना, चालू असेल तर मागे उभं राहा, फोटो काढू नका. बाहेर अंगणात दगडी शवपेट्या आहेत, त्यावर बसायची जागा समजून बसणारेही भेटतात.

तिथून ॲबी स्ट्रीटने परत येताना एक कमान लागते, ब्लॅक फ्रेरन गेट. गावकुसाच्या वेशींपैकी एवढी एकच उरली आहे. पार्लमेंट स्ट्रीटला लागलात की रोथ हाउस. जॉन रोथ नावाच्या व्यापाऱ्याने 1594 ते 1610 या काळात संसार वाढला तसं बांधत नेलेलं घर. एकामागे एक तीन घरं, मध्ये चौक, शेवटी भिंतीआडची बाग. आपल्याकडच्या वाड्यात चौकातून चौकात जातो ना, चाल तीच. पाऊण तास पुरतो. बाग मात्र चुकवू नका, बरेच जण दुसऱ्या घरातूनच माघारी फिरतात आणि मागे बाग आहे हे त्यांना कळतही नाही.

समोरच्या बाजूला स्मिथिक्सचा जुना मद्यकारखाना. उच्चारात मधला 'व' गिळायचा, काउंटरवर 'स्मिथविक' म्हणालात की तुम्ही कालच उतरलात हे कळतं. 1710 पासून इथे बिअर होत होती, 2013 मध्ये उत्पादन डब्लिनला गेलं. आता तासाभराची फेरी आणि शेवटी एक ग्लास असं स्वरूप आहे. बिअरमध्ये रस असेल तर आधी वेळ राखून या. नसेल तर हा तास किल्ल्याला द्या, असं माझं स्पष्ट मत.

जेवणाला सेंट कीरन्स स्ट्रीट धरा. हाय स्ट्रीटवरून तिकडे उतरायला बटर स्लिप नावाचं 1616 सालचं बोळ आहे. इथे लोणी विकणाऱ्या बायका बसत, सावलीत लोणी वितळत नसे. दोघं शेजारी चाललात तर समोरच्याला वाट द्यावी लागते. ॲलिसच्या नावाची खानावळ याच रस्त्यावर आहे. पबमधलं स्वयंपाकघर दुपारी तीनच्या सुमारास मिटू शकतं, त्यामुळे दोनच्या आत टेकलेलं बरं.

शाकाहारी असाल तर तीन सापळे लक्षात ठेवा. 'टोस्टेड स्पेशल' म्हणजे साधं चीज सँडविच नव्हे, त्यात हॅम असतो. 'हॅमशिवाय' म्हणून सांगितलं की चीज, कांदा, टोमॅटो घालून देतात. भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी घट्ट, वाटलेलं आणि झकास असतं, पण ते चिकनच्या पाण्यात शिजवलं आहे का, हे विचारावंच लागतं. आणि सकाळच्या न्याहारीतलं ब्लॅक पुडिंग गोड नसतं, ते डुकराच्या रक्ताचं असतं. बिनधास्त मागवावं असं काही असेल तर सूपबरोबरचा तपकिरी सोडा ब्रेड आणि लोणी. बटाटा आणि कोबी किंवा केल घोटून केलेलं कोलकॅनन मिळालं तर तेही घ्या, आपल्या भरतासारखंच घोटलेलं, फक्त तिखटाचा पत्ता नाही.

पबमध्ये टेबलाशी बसून वेटरची वाट बघत राहिलात तर संध्याकाळ होईल. पेय काउंटरवर जाऊन मागायचं, पैसे तिथेच द्यायचे. कार्ड सगळीकडे चालतं. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर आयरिशमध्ये लिहिलेलं असतं. 'एम-एन-ए' ही अक्षरं घाईत 'मॅन' अशी वाचली जातात, पण तो शब्द 'म्ना' आहे आणि अर्थ स्त्रिया. पुरुषांसाठी 'फिर'. रोज कोणीतरी चुकतंच.

पावसाने गाठलं तर हाय स्ट्रीटवरच्या थोल्सेलखाली उभं राहा. 1761 सालची नगरपालिकेची ही इमारत फुटपाथवर कमानी टाकून उभी आहे, आसरा छान मिळतो. सर लांबलीच तर शेजारच्या सेंट मेरीज चर्चमधलं मिडीव्हल माईल संग्रहालय तासभर बघा.

किल्ला शेवटी

किल्ल्याला सव्वा तास लागतो. बंद होण्याच्या बरंच आधी शेवटचा प्रवेश होतो, आणि हिवाळ्यात तर साडेतीनच्या सुमारास दारात असलेलंच बरं. प्रवेश माणशी साधारण आठ युरोंच्या घरात आहे. आयर्लंडात आणखी चार-पाच सरकारी वास्तू बघणार असाल तर वर्षभराचं हेरिटेज कार्ड काढा.

आत जाण्याआधी बाहेरून बुरूज मोजा. तीनच भरतील. विल्यम मार्शल या नॉर्मन सरदाराचा दगडी किल्ला 1213 च्या सुमारास चार बुरुजांचा झाला होता. 1650 मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या वेढ्यात एक बाजू गेली, आणि आज किल्ला त्या बाजूला उघडाच आहे. 1391 पासून 1935 पर्यंत समाधीतल्या पियर्सचं बटलर घराणं इथे राहिलं. जाताना सामानाचा लिलाव केला, आणि 1967 साली किल्ला गावाला 50 पौंडांत देऊन टाकला.

खोल्या भरभर केल्या तरी चालतील, चित्रदालन मात्र सावकाश. लांबच लांब खोली, काचेच्या छपरातून येणारा उजेड, दोन्ही भिंतींवर बटलरांच्या तसबिरी. लोक तसबिरी बघतात आणि निघतात. मान वर करा. छताच्या लाकडी तुळयांवर सोनेरी मुलामा दिलेली पशुपक्ष्यांची तोंडं कोरली आहेत, आणि मधली फळी न् फळी रंगवलेली आहे. एकाने तसबिरींचे कपडे बघावेत, दुसऱ्याने वरची तोंडं ओळखावीत. वेळ कसा जातो कळत नाही.

मागचं 21 हेक्टरांचं मैदान फुकट आहे. त्यापेक्षाही चांगली जागा म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याशी नोरच्या काठाने जाणारी पायवाट. जॉन्स ब्रिजजवळून उतरायचं, डावीकडे पाणी, उजवीकडे झाडं आणि वर भिंत. वीस मिनिटं जा, त्याच वाटेने या. दोन दिवस पाऊस झाला असेल तर ती चिखलाने भरते आणि नदी चढली की पाण्याखालीही जाते, तेव्हा आधी पुलावरून वाकून बघा. खरेदी करायची तर किल्ल्यासमोर जुन्या तबेल्यांत डिझाइन सेंटर आहे. मातीची भांडी सुंदर, पण जड. विमानातल्या सामानाचं वजन आठवून घ्या.

तिकिटं, रेल्वे, दुपारचं जेवण आणि दोन-चार कप कॉफी धरून दोघांना दीडशे ते पावणेदोनशे युरो लागतील.

आता संध्याकाळ. पारंपरिक संगीताची बैठक पबमध्ये नऊ-साडेनऊशिवाय रंगात येत नाही, आणि डब्लिनची शेवटची गाडी त्याच्या फार आधी जाते. दोन्ही साधत नाही. संगीत ऐकायचंच असेल तर रात्रीची खोली आधी बुक करा, आणि बुक करताना खोली रस्त्याकडची नको, मागची द्या म्हणा. जॉन स्ट्रीटवर आठवड्याच्या शेवटी पहाटेपर्यंत गोंगाट असतो. परतायचं असेल तर सकाळी उतरल्याबरोबर शेवटच्या गाडीची वेळ फोनमध्ये टिपून घ्या, रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. किल्ल्याच्या फाटकातून गाडीच्या अर्धा तास आधी निघा. येताना उतार होता तो जॉन स्ट्रीट आता चढ आहे, आणि पाय दिवसभर दगडावर चाललेले आहेत.